वाटसरूंचे मुक्काम

स्थलवर्णनाचीं जीं पुस्तकें हल्लीं निघतात, त्यांत दोन प्रकरणें हटकून निरनिराळीं असतात. एक 'प्रेक्षणीय स्थळें' आणि दुसरें 'उतरण्याची सोय'. पहिल्यांत लेणीं, किल्ले, मंदिरें यांची थोरवी असते. दुसऱ्यांत खोल्यांचे भाव असतात. पहिलें प्रकरण इतिहासाचें आणि दुसरें व्यवहाराचें, ही वांटणी वाचकांच्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तिच्यांत कांहीं वावगें आहे असें कोणास वाटत नाहीं. आमच्या मतें ही वांटणी अगदीं अलीकडची आहे. निदान आमच्या गोदातीरच्या मुलुखांत तरी, जेथें वाटसरूस रात्रीपुरतें छप्पर मिळालें तींच स्थळें बहुधा नांवारूपास आलीं. आणि आज जें आपण तिकीट काढून पाहतों, त्यांतील पुष्कळसें मुळांत कोणाची तरी पाठ टेकावी म्हणून खोदलेलें किंवा बांधलेलें आहे.

छत्रपती संभाजीनगराहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आडूळ ओलांडलें म्हणजे पाचोड हें गांव लागतें. पैठण तालुक्यांतील हें मोठें बाजारचें गांव. येथून एक वाट पैठणास जाते, एक अंबडाच्या अंगास वळते आणि एक वडीगोद्री, शहागड असे टप्पे घेत गोदावरी उतरून बीडाकडे चालू लागते. मोसंबीच्या दिवसांत येथें अडत्यांची व गाड्यांची दाटी होते. तेवढी सोडली, तर या रस्त्यानें धांवणाऱ्या वाहनांतील उतारूंना पाचोड म्हणजे चहाचा एक पेला, फार झालें तर एक पाटी. वेगवान् वाहन आणि रुंद रस्ता यांनीं मधल्या गांवांचा 'मुक्काम' हा धर्मच काढून घेतला आहे. पूर्वीं तसें नव्हतें. बैलगाडीची मजल चार-पांच कोसांची, फार तर सहांची. म्हणजे दर चार-पांच कोसांवर पाणी, सावली, वैरण आणि चोराचिलटापासून निर्भय अशी एक जागा पाहिजेच. राजांच्या वंशावळी पाठ करणाऱ्यांनीं या कोसांचा हिशेब एकदां करून पाहावा, अशी आमची विनंति आहे.

पैठणापुरता तो हिशेब एका परक्यानें करून ठेवला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानें आपल्या समुद्रावरील बंदरांचें जें वर्णन लिहिलें व जें 'पेरिप्लस' या नांवानें प्रसिद्ध आहे, त्यांत भडोचेपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचें धाराशिव जिल्ह्यांतील तेर, अशीं दोन मोठीं पेठेचीं गांवें सांगितलीं आहेत. पैठणाहून अकीकासारखे मौल्यवान् दगड गाड्यांत भरून भडोचेस जात. ग्रंथकारास दिवस मोजावयाचे होते. आपण रात्री मोजाव्या. वीस दिवसांची वाट म्हणजे एकोणीस मुक्काम, आणि ते सुद्धां मौल्यवान् मालाच्या गाड्या घेऊन! हे एकोणीस मुक्काम कोणीं राखले, हा प्रश्न सातवाहनांच्या एखाद्या लढाईपेक्षां आम्हांस कमी महत्त्वाचा वाटत नाहीं. दुसरी वाट पैठणाहून जुन्नराकडे व नाणेघाटानें कोंकणांत उतरे. त्या घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, त्यांत जकातीचे पैसे पडत असें सांगतात. जवळच्या लेण्यांत राणी नागनिकेनें केलेल्या यज्ञांचा व दक्षिणेचा प्रसिद्ध लेख आहे. त्या लेखावर पंडितांनीं पुष्कळ शाई खर्च केली. परंतु तें लेणें एक साधी चौकोनी खोली असून तिच्या कडेनें बसावयास ओटा आहे, व घाट चढून आलेल्या थकल्याभागल्या माणसानें तेथें टेकावें हाच तिचा उपयोग असावा, याकडे पाहुण्यांचें लक्ष क्वचितच जातें.

हे मुक्काम कोणीं राखले, याचें थोडेंसें उत्तर कन्नडजवळच्या डोंगरांत पितळखोऱ्यास मिळतें. तेथील चैत्यगृहाच्या खांबांवर दात्यांचीं नांवें कोरलीं आहेत. त्यांतील एक मितदेव नांवाचा, पैठणचा राहणारा, सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्यांच्या घरचा. दुसरे कोणी संघकाचे पुत्र, तेहि पैठणचेच. शेजारच्या लेण्यांत मगिल नांवाच्या राजवैद्याचें व त्याच्या कुटुंबांतील माणसांचें दान नोंदलेलें आहे. म्हणजे पैठणच्या पेठेंतला पैसा डोंगराच्या पोटांत गेला तो राजाज्ञेनें नव्हे, वाण्याच्या व वैद्याच्या खुशीनें. आणि त्याचें कारण केवळ पुण्य हें नव्हे, असें आम्हांस वाटतें. ज्या खिंडींतून आपला माल जातो, त्या खिंडींत भल्या माणसांची वस्ति असावी, तेथें दिवा लागावा, पाणी मिळावें, यांत व्यापाऱ्याचा स्वार्थहि होता. तो आम्हांस मुळींच लाजिरवाणा वाटत नाहीं.

अजिंठ्यास तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. तेथील बाराव्या क्रमांकाचा विहार बहुतेक पाहुणे घाईघाईनें ओलांडतात, कारण त्यांत रंगवलेली चित्रें नाहींत. एक चौकोनी दालन आणि त्याच्या तीन बाजूंस बारा खोल्या. प्रत्येक खोलींत दगडांतच कोरलेल्या दोन शय्या. पलीकडच्या तेराव्या लेण्यांत त्या शय्यांना डोक्याच्या अंगास उशीसारखा उंचवटा सुद्धां ठेवला आहे. बाराव्या लेण्यांतील शिलालेखांत घनामदड नांवाच्या व्यापाऱ्यानें खोली दान केल्याची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वींच्या एका वाण्याची सारी कीर्ति एवढ्यावर उभी आहे कीं, त्यानें कोणास तरी निजावयास जागा दिली! पावसाळ्याचे महिने भिक्षूंनीं हिंडूं नये, एके ठिकाणीं राहावें, हा बौद्ध संघाचा नियम. त्या नियमांतून हे विहार उद्भवले. पुढें पांचव्या शतकांत वाकाटक हरिषेणाच्या कारकिर्दींत वराहदेव मंत्र्यासारख्या धनिकांनीं त्यांवर चित्रांचा साज चढविला; परंतु साज ज्यावर चढला तें अंग शयनगृहाचें होतें. वेरूळास पांचव्या लेण्यांत मधोमध दोन लांबच लांब दगडी ओटे आहेत. भिक्षु तेथें पंगतीस बसत किंवा पठण करीत, असा तर्क आहे. कैलासाच्या मागें धांवणारी मंडळी तेंहि पाहत नाहीं.

मुसलमानी अमदानींत वाटसरूंच्या सोयीचें नांव बदललें, रूप बदललें. गरज तीच राहिली. मलिक अंबरानें इ. स. १६१० त खडकी वसविली, पुढें तिचें औरंगाबाद झालें, आणि सुरतेहून गोवळकोंड्यास जाणारा मोठा व्यापारी मार्ग या शहरावरून, पुढें अंबडावरून नांदेडकडे वाहूं लागला. ताव्हर्निये हा जवाहिऱ्या याच मार्गानें गेला. थेवनो नांवाचा त्याचाच देशबांधव इ. स. १६६७ च्या सुमारास या वाटेवर असतां वाकडी वाट करून वेरूळचीं लेणीं पाहून आला. ज्या मुलुखांत आज पाचोडचा बाजार भरतो, त्याच मुलुखाच्या अंगानें ही हिऱ्यामोत्यांची वाट गेली होती. घाटाखालीं फर्दापुरास औरंगजेबाच्या नांवानें ओळखली जाणारी सराई आहे व घाटावर अजिंठा गांवांतहि सराई आहे. चोहोंकडून भिंत, कडेनें ओवऱ्या, मध्यें जनावरांस मोकळें अंगण आणि रात्रीं बंद होणारा भक्कम दरवाजा, एवढीच सराईची रचना. तिच्यांत सौंदर्य पाहणारास कमानीखेरीज कांहीं दिसणार नाहीं. परंतु ज्यानें दिवसभर खिंडीच्या भीतीनें मान वळवून वळवून वाट चालली असेल, त्यास तो दरवाजा लागल्याचा आवाज कसा वाटत असेल, याची कल्पना करून पाहावी.

या सर्वांत आम्हांस विशेष चटका लावणारें स्थळ म्हणजे औरंगाबादची पाणचक्की. शाळेंतील मुलांच्या सहली तेथें नेहमीं येतात; कारंजें पाहतात, हौदांतले मासे पाहतात आणि परततात. वास्तविक ती सर्व यातायात कशासाठीं होती? बुखाऱ्याकडून आलेले बाबा शाह मुसाफिर नांवाचे नक्षबंदी पंथाचे एक सत्पुरुष खाम नदीच्या कांठीं तकिया करून राहिले. नांवच 'मुसाफिर'! दख्खनच्या स्वाऱ्यांत चाकरी शोधण्यास मध्य आशियांतून येणारे शिपाई, फकीर, हाजी असे नाना तऱ्हेचे लोक त्यांच्या आश्रयास उतरत. त्यांचे शिष्य व उत्तराधिकारी शाह महमूद यांनीं गुरूंचें जें चरित्र फारसींत लिहिलें आहे, त्यांत या उतारूंच्या येण्याजाण्याच्या, खाण्यापिण्याच्या व भांडणतंट्याच्या हकीकती भरल्या आहेत. एवढ्या तोंडांना भाकर द्यावयाची तर पीठ पाहिजे, आणि हातानें तें दळून पुरें पडत नाहीं. म्हणून अठराव्या शतकांत शहराच्या उत्तरेकडील डोंगरांतल्या झऱ्याचें पाणी कित्येक मैल मातीच्या नळांतून आणून एका उंच भिंतीवर चढविलें, तें खालीं सोडलें आणि त्याच्या जोरावर दगडी जातें फिरूं लागलें. मोठ्या हौदाच्या तळाखालीं नदीच्या बाजूस एक प्रशस्त दालन काढलें आहे. हौद हेंच त्याचें छप्पर असल्यामुळें भर उन्हाळ्यांत तें थंड राहतें. जलशास्त्राची तारीफ करणारांनीं ती अवश्य करावी; परंतु या शास्त्राच्या शेवटीं पाहुण्याची भाकर होती, हें विसरूं नये.

आतां पैठण. क्षेत्राच्या ठिकाणीं उतरण्याची सोय दोन प्रकारची असे. एक उपाध्यायाच्या घरीं, दुसरी धर्मशाळेंत अथवा देवळाच्या ओवरींत. उपाध्यायाचें घर हें आजच्या अर्थानें धंद्याचेंच घर होतें. यजमान आला, ओसरीवर उतरला, स्नान, श्राद्ध, भोजन झालें, दक्षिणा दिली, नांव लिहिलें, गेला. त्यांत लोभ नव्हता असें कोणी म्हणणार नाहीं. क्षेत्रांतल्या ओढाताणीचा अनुभव असणारे वाचक मनांतल्या मनांत हंसतील. तरी पण अनोळखी गांवीं आपल्या कुळाचें नांव घेऊन दार उघडणारा एक माणूस असणें, हें थोडें नव्हे.

परंतु पैठणचें नांव उपाध्यायांनीं झालें नाहीं. एका गृहस्थाच्या घरानें झालें. एकनाथमहाराज (इ. स. १५३३ ते १५९९) हे मठपति नव्हेत, संन्यासी नव्हेत, बायकोमुलांत राहिलेले प्रपंची. त्यांच्याविषयीं ज्या कथा महाराष्ट्रानें शतकानुशतकें सांगितल्या, त्यांतील बहुसंख्य कथा अतिथीच्या आहेत, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. मुसळधार पावसाच्या रात्रीं कोणी भिजलेले ब्राह्मण दारीं आले, घरांत सुकें सरपण नाहीं, तेव्हां नाथांनीं आपला पलंग मोडून अग्नि पेटविला. श्राद्धाचा स्वयंपाक दारावरून जाणाऱ्या भुकेल्या अंत्यजांस वाढला. आणि प्रत्यक्ष देव श्रीखंड्या होऊन बारा वर्षें गोदेचें पाणी कावडीनें आणीत राहिला. कथा खऱ्या कीं खोट्या, हा वाद आम्हांस येथें करावयाचा नाहीं. लोकांस कोणती गोष्ट आठवणींत ठेवाविशी वाटली, हा इतिहासच आहे. देव देखील या घरांत आला तो सिंहासनावर बसण्यास नव्हे, पाहुण्यांचें पाणी भरण्यास! नाथांचा वाडा आज मंदिर झाला आहे. फाल्गुन वद्य षष्ठीस, म्हणजे नाथषष्ठीस, गांवोगांवच्या दिंड्या पैठणास लोटतात, त्या आधीं तो रांजण भरण्यास आरंभ होतो. पाचोडाकडच्या माणसास ती वारी म्हणजे एका मजलेची. पण ज्यास आठ मजला चालावें लागतें, त्यास वाटेंतल्या प्रत्येक गांवानें ओटा आणि पिठलें-भाकर दिली म्हणून वारी टिकली. पैठणच्या यात्रेचें अर्धें श्रेय पैठणाबाहेरच्या गांवांचें आहे.

अहिल्याबाई होळकरांच्या धर्मशाळा व घाट हा तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. वेरूळास घृष्णेश्वराचें आज दिसणारें मंदिर व शिवालय तीर्थ यांच्या जीर्णोद्धाराशीं त्यांचें नांव निगडित आहे. तत्पूर्वीं भोसल्यांच्या मालोजींनीं तेथें जीर्णोद्धार केला होता. अहिल्याबाईंनीं देवाबरोबर पाण्याची सोय केली, हा त्यांच्या दानाचा विशेष आम्हांस वाटतो. देवळें बांधणारे पुष्कळ झाले.

येथवर जें लिहिलें, त्यावरून पूर्वींचा काळ म्हणजे नुसती माया होती असें कोणास वाटेल, तर तें खरें नाहीं. 'सर्वांसाठीं' बांधलेल्या धर्मशाळेंतील 'सर्व' या शब्दाचा अर्थ दारावर आल्यानंतर कळे. ज्यांची सावली वर्ज्य, त्यांस ओवरी कोठली? त्यांनीं गांवकुसाबाहेर झाडाखालीं रात्र काढावी आणि पाण्यासाठीं कोणी वाढील म्हणून वाट पाहावी, हाच परिपाठ होता. तो विसाव्या शतकांतहि चालूं होता, याला आमच्याच जिल्ह्याचा पुरावा आहे. इ. स. १९३४ मध्यें डॉ. भीमराव आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळचीं लेणीं पाहण्यास निघाले असतां वाटेंत दौलताबादचा किल्ला पाहण्यास थांबले. प्रवासाच्या धुळीनें माखलेल्या मंडळींनीं दरवाजाजवळच्या हौदावर हातपाय धुतले, तों मागून ओरडा झाला कीं, हौद बाटला. रमजानचे दिवस; जमाव जमला, शिवीगाळ झाली, स्थानिक अस्पृश्यांनाहि दरडावण्यांत आलें. अखेर किल्ल्यांत कोठेंहि पाण्यास शिवूं नये या अटीवर, आणि त्याची खातरी राहावी म्हणून हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन, मंडळींस आंत सोडलें. परदेशांतील विद्यापीठांत शिकून आलेल्या याच पुरुषास इ. स. १९१७ त बडोद्यास राहावयास जागा मिळेना, म्हणून पारशी खानावळींत पारशी नांवानें दिवस काढावे लागले व तेथूनहि अपमान होऊन निघावें लागलें. या आठवणी त्यांनीं स्वतः लिहून ठेवल्या आहेत. दौलताबादची तटबंदी व तोफ यांचें वर्णन करणाऱ्या पुस्तकांत त्या हौदाची हकीकत आम्हांस सांपडत नाहीं. ती असावयास पाहिजे. इ. स. १९५० मध्यें औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय निघालें व नागसेनवनांत खेड्यापाड्यांतील मुलांसाठीं वसतिगृहें झालीं. या मुलुखांतील मुक्कामांच्या इतिहासांत त्यांची गणना आम्ही अजिंठ्याच्या विहारांबरोबर करतों.

जुन्या मुक्कामांस पहिला धक्का दिला तो आगगाडीनें. मनमाडाहून औरंगाबाद व जालन्यावरून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग इ. स. १९०० मध्यें सुरू झाला, आणि ज्या गांवांस स्टेशन नाहीं तीं गांवें एकाएकीं आडवाटेस पडलीं. साहेबलोकांसाठीं मुसाफिरबंगले झाले, ते अर्थात् साहेबलोकांसाठीं. परंतु मुक्कामाचें महत्त्व या काळांतहि एका मनुष्यानें दाखवून दिलें. इ. स. १८१९ च्या एप्रिलांत जॉन स्मिथ नांवाच्या मद्रास पलटणींतील अधिकाऱ्यानें अजिंठ्याचीं लेणीं पुन्हां उजेडांत आणलीं आणि दहाव्या लेण्यांतील एका खांबावर आपलें नांव खरडून तो निघून गेला. जगांत नांव त्याचें झालें. मेजर रॉबर्ट गिल इ. स. १८४४ त आले ते मात्र राहिले. अजिंठा गांवच्या बारादरींत बिऱ्हाड करून त्यांनीं वर्षानुवर्षें चित्रांच्या प्रतिकृति काढल्या. त्यांतील बहुतेक प्रतिकृति इ. स. १८६६ त इंग्लंडांतील स्फटिकगृहाच्या आगींत जळाल्या. त्यांची सहचरी पारो इ. स. १८५६ त वारली, तिची समाधि अजिंठ्यास आहे; ते स्वतः इ. स. १८७९ त वारले व भुसावळास त्यांची कबर आहे. कवि ना. धों. महानोर यांनीं या दोघांवर काव्य लिहिलें, म्हणून मराठी घरांत हीं नांवें पोंचलीं.

या प्रसंगीं एका दूरच्या बेटाची आठवण होते. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटाचा पुष्कळसा संसार आज पाहुण्यांवर चालतो. तेथें इ. स. १७५१ मध्यें एकोणीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन आपल्या क्षयी भावास हवापालट म्हणून घेऊन आला, ब्रिजटाऊनजवळ एका भाड्याच्या घरांत कांहीं आठवडे राहिला, तेथें त्यास देवी आल्या, बरा होऊन परतला. पुढें अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झालेल्या माणसाचें हें थोडक्या दिवसांचें बिऱ्हाड, पण तें घर बेटाच्या लोकांनीं दुरुस्त करून संग्रहालय म्हणून राखलें आहे, आणि सागरकिनाऱ्यासाठीं आलेले पाहुणे तेंहि पाहून जातात. एका माणसाचा मुक्काम हें त्यांनीं प्रेक्षणीय स्थळ मानलें. आपल्याकडे सराई ही पडीक जागा समजली जाते, ओवरी अडगळ समजली जाते आणि बारवेंत कचरा पडतो. अजिंठा व वेरूळ इ. स. १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादींत आहेत, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु यादींतील स्थळाकडे जाणारी वाट आणि त्या वाटेवरील विसावे यादीबाहेर राहिले, म्हणून ते आपल्या मनाबाहेरहि जावेत हें ठीक नव्हे. इ. स. १९७६ त जायकवाडीचें धरण पुरें होऊन नाथसागर भरला, तेव्हां गोदाकांठचीं कितीतरी गांवें उठलीं. त्यांबरोबर त्यांचे घाट, पार व उताराच्या जागाहि पाण्याखालीं गेल्या. तें टाळणें कठीण होतें. जे पाण्याखालीं नाहींत, त्यांविषयीं तसें म्हणतां येणार नाहीं.

प्रत्येक गांवच्या शाळेनें आपल्या पंचक्रोशींतील बारवा, धर्मशाळा, तकिये, सराया, पार यांची एक वही करावी. कोणीं बांधलें, कोण उतरत असे, कोणास उतरूं देत नसत, हें म्हाताऱ्या माणसांस विचारून लिहून घ्यावें. पाचोडसारख्या, चार वाटा फुटणाऱ्या गांवीं हें काम विशेष फळेल. कारण अशा वह्यांचा नमुना आपल्याकडे पूर्वींपासून आहे. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांजवळ गांववार व कुळवार वह्या असतात. यात्रेस आलेल्या प्रत्येकाचें नांव, बापाचें, आज्याचें नांव, गांव, बरोबर कोण कोण होतें, कोणत्या निमित्तानें आले, हें त्यांत लिहिलेलें असतें. जुनीं पानें मोडींत, पुढचीं बाळबोधींत. ज्या कुणब्याचें नांव कोणत्याहि बखरींत नाहीं, त्याचा हा एकुलता एक लेख. आज मोडी वाचणारे थोडे राहिले आहेत आणि कित्येक उपाध्यायांचीं मुलें दुसऱ्या व्यवसायांत गेलीं आहेत. वाचकांपैकीं कोणी त्या बाजूस जाणार असतील, तर त्यांनीं देवदर्शन झाल्यावर घटकाभर बसून आपल्या गांवची वही मागावी आणि आपल्या पणज्याच्या मुक्कामाचें पान उतरून घ्यावें.